लेकराला घेऊन हॉटेलात जायचंय? फोडणीच्या आधी पोहोचा

दर पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेत दोन-तीन नवी माणसं येतात. कुणी जिल्हा बदलून, कुणी नव्या भरतीतून. समोरच्या बँकेतही तेच. कोल्हापूरकडचे, नाशिककडचे, एखादं जोडपं थेट पुण्याहून. खोली मिळते, सिलिंडरची सोय होते, आणि पहिल्या-दुसऱ्या रविवारी प्रश्न येतोच: "मॅडम, इथं लेकराला घेऊन जेवायला जाण्यासारखं काही आहे का?"

आहे. माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे, मुलगा तीनचा. दोघंही यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी हॉटेलांच्या बाकड्यांवर बसून जेवायला शिकले. इथं मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड नसतं आणि उंच खुर्चीही नसते. पण चूल समोर असते आणि चुलीशी उभ्या माणसाशी दोन शब्द बोलता येतात. लहान मुलाचं जेवण त्या दोन शब्दांवर ठरतं, आणि ते शब्द फोडणी पडायच्या आधी बोलावे लागतात. एकदा तिखट पडलं की ते कुणालाच काढता येत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

१. पाटी वाचायला शिका

तालुक्याच्या गावात 'हॉटेल' म्हणजे बहुतेक वेळा चहा-नाश्त्याची जागा. पोहा, आलुबोंडा, समोसा, कचोरी, भजे, चहा. पोटभर जेवण हवं असेल तर 'भोजनालय' किंवा 'खानावळ' शोधा. हायवेला लागलात की ढाबे. आणि 'सावजी' लिहिलेलं असेल तर तिथलं जेवण जबरदस्त तिखट, हे धरून चला. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेली ही पद्धत. काळं मिरं, लवंग, खसखस, दगडफूल वाटून केलेला मसाला आणि वर तेलाचा तवंग. मोठ्यांसाठी चव अप्रतिम, पण तीन वर्षांच्या मुलासाठी त्या रश्शात काही नाही.

'फॅमिली रेस्टॉरंट' ही पाटी सगळ्यात फसवी. खाली बारीक अक्षरात 'परमिट रूम' लिहिलेलं असू शकतं. फॅमिलीसाठी वेगळं दार आहे का, की बारमधूनच जावं लागतं, एवढं बघा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, त्यामुळे तिथं हा प्रश्न येत नाही. चंद्रपुरात 2015 ते 2021 या काळात बंदी होती, आता नाही.

२. पहिली फेरी एकट्याने

मूल न घेता एकदा जाऊन या. चहा घ्या आणि दहा मिनिटं बसा. ताटं कोणत्या पाण्यात धुतात, हात धुवायला नळ आहे की पिंप, भांड्यांवर झाकण असतं का, मागचं संडास मुलाला नेण्यासारखं आहे का, हे सगळं चहा संपायच्या आत दिसतं. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असेल तर चांगलंच. मी मात्र त्याहून जास्त गिऱ्हाइकांकडे बघते. सकाळी शाळेत जाणारी पोरं आणि म्हातारी माणसं जिथं बसतात, तिथं माल रोजचा रोज संपतो.

३. वेळ

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नवी माणसं इथंच चुकतात. शहरात साडेआठ-नऊला जेवायला निघायची सवय असते. इथं त्या वेळेला भोजनालयात ट्रकवाले, बाहेरगावचे व्यापारी आणि कामावरून परतलेली माणसं असतात. भाज्या तयार असतात, वरणालाही फोडणी बसलेली असते. तुम्ही कितीही विनवलंत तरी मालक काय करणार? तुमच्या वाटीत पाणी ओतून देईल.

माझ्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती दोन वर्षांची होती. लग्नाहून परतताना रात्री दहाच्या सुमारास एका ढाब्यावर थांबलो. "फिकी डाळ आहे का?" विचारलं, "हो जी" म्हणाले. आलेली डाळ तीच होती, फक्त पातळ केलेली. दुसऱ्या घासाला पोरगी किंचाळली आणि तिखटाचे हात डोळ्यांना लावले. पुढचा अर्धा तास आम्ही अंधारात बाटलीच्या पाण्याने तिचे डोळे धूत होतो. ढाबेवाल्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या हिशेबी ती डाळ फिकीच होती. पण त्या दिवसापासून मी वेळ पाळते.

दुपारी साडेअकराच्या आत किंवा संध्याकाळी सातच्या आत पोहोचा. त्या वेळेला तुरीची डाळ नुसती शिजलेली, घोटलेली, हळद-मीठ घातलेली असते. पातेल्यातून तशीच एक वाटी बाजूला काढून मागायची. कूकरचा पहिला भात तेव्हाच उतरतो, गरम असतो, त्यावर माश्या बसलेल्या नसतात.

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी चारी बाजूंच्या खेड्यांतून माणूस येतो, जागा मिळत नाही, आणि तुमचं गाऱ्हाणं ऐकायला कुणाला उसंत नसते. तळणीचं काही हवं असेल तर दुपारी तीन-साडेतीनला, पहिला घाणा निघतो तेव्हा जा. संध्याकाळपर्यंत तेच तेल काळं पडलेलं असतं.

४. काय बोलायचं

वेटरशी बोलू नका. बऱ्याच ठिकाणी वेटर म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचा दिसणारा, घाईत असलेला मुलगा असतो आणि त्याला पाच टेबलं सांभाळायची असतात. गल्ल्यावर बसलेल्या काकांशी किंवा थेट चुलीपाशी जाऊन बोला. "भाऊ", "काका", "मावशी" म्हणा, इथं ते लगेच पोहोचतं.

"कमी तिखट करा" हे वाक्य विसरा. कमी म्हणजे किती, हे ज्याच्या-त्याच्या जिभेवर असतं. त्याऐवजी असं विचारा: "मावशी, फोडणी घालायच्या आधीचं वरण लेकरासाठी एक वाटी निघेल का?" उत्तर जवळपास ठरलेलं असतं: "काहून नाही निघन? बसा, लेकराले भूक लागली असन." मग तूप विचारा. बहुतेक भोजनालयांत लिंबू असतं, तूप असेलच असं नाही. मी छोट्या डबीत घरचं घेऊन जाते.

काही शब्दांनी गोंधळ होतो, ते आधीच सांगते. 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. "सांबार टाकू का?" असं विचारलं तर इडलीबरोबरचं समजून नको म्हणू नका. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी, आणि त्या सारणात तिखट असतं. बटाट्याला आलू म्हणतात. 'फल्ली' म्हणजे शेंगदाणा, हे लक्षात ठेवाच, त्याचं काम पुढे येणार आहे. तुमच्या मुलाला कुणी "पोट्टं गोड आहे" म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. पोट्टा, पोट्टी हे इथले प्रेमाचे शब्द आहेत.

५. सकाळचा पोहा

विदर्भात मुलाला बाहेर खायला शिकवायची सुरुवात पोह्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. सकाळी सात-साडेसातला जा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्यावर परातीत पिवळा पोह्याचा ढीग वाफेवर असतो. शेजारी दुसऱ्या पातेल्यात तर्री: काळ्या हरभऱ्याचा रस्सा, वर बोटभर लाल तेल. पोहेवाल्याचा हात यंत्रासारखा चालतो. डाव्या हाताने प्लेट, उजव्याने पोहे, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तर्रीचा पळा वर पडलेला असतो. म्हणून प्लेट हातात घ्यायच्या आधी, तो मोकळा असताना सांगा: "एक बिना तर्रीचा, लेकरासाठी."

तरीही पोह्यात हिरव्या मिरचीचे तुकडे असतात. ते वेचा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फल्ली वेचा. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, तसाच तर्रीतला अख्खा हरभराही. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, मूल हसता-बोलता तो दाणा श्वासनलिकेत ओढतं. माझा मुलगा अजून तीनचाच आहे, त्यामुळे मी अजूनही एकेक दाणा काढते. वेळ लागतो, लोक बघतात, बघू द्या. बारीक शेव चालते, पण ती तिखट आहे का हे आधी स्वतः चाखा.

प्लेटही बघा. काही गाड्यांवर अजून वर्तमानपत्राच्या कागदावर पोहा देतात. छपाईची शाई गरम, तेलकट अन्नात उतरते. पॅकिंगच्या 2018 च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. वाद घालायची गरज नाही, घरून स्टीलची छोटी ताटली न्या आणि "यात द्या" म्हणा. मी गेली कित्येक वर्षं नेते. आता आमचा पोहेवाला माझी पिशवी उघडायची वाटच बघतो.

६. काय मागवावं

एक वर्षाच्या आतलं मूल असेल तर हॉटेलचं काहीच देऊ नका. त्या वयात वेगळं मीठ, साखर, मध द्यायचा नसतो आणि हॉटेलात बिनमिठाचं काही मिळत नाही. घरचा मऊ भात डब्यात न्या, डबा बुडवून गरम करायला गरम पाणी मागितल्यावर कुणीही देतं. अंगावर पाजायचं असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. तो उघडा आहे का, हे जाता-येता बघून ठेवा.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला वरण-भात, वर तूप-लिंबू. याला तोड नाही. दहीभात, कढी-भात चालतं, पण कढी चाखून घ्या, कुठे मिरची वाटून घालतात. ज्वारीची भाकर दुधात कुस्करून दिली तर माझी दोन्ही मुलं वाटीभर खायची. पोळी असेल तर गूळ-तूप मागा, खानावळीत गूळ असतोच.

गोळाभात दिसायला मुलांचा पदार्थ वाटतो. डाळीचे मऊ गोळे, भात. पण वरून हिंग-लाल मिरचीची फोडणी ओततात आणि तीच त्याची खरी मजा असते. फोडणी वेगळ्या वाटीत मागा, गोळा फोडून आतला भाग चाखा, मग द्या. पाटवडी रस्साही तसाच. रश्शाला हात लावू नका. कोरडी पाटवडी चार वर्षांपुढच्या मुलाला चालते.

सावजीत जायचंच असेल, घरच्या मोठ्यांना हौस असेल, तर मुलासाठी उकडलेलं अंडं, कोरडी पोळी आणि दही सांगा. रश्शातला मटणाचा तुकडा पाण्यात धुऊन देण्याचा प्रकार मी पाहिलाय. मसाला आतपर्यंत मुरलेला असतो, धुऊन काही जात नाही.

हिवाळ्यात हातगाडीवरची संत्री घ्या. वरूड, मोर्शी, काटोलचा माल जवळून आलेला असतो, आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं हिवाळ्यात निघणारं पीक, त्याच सुमाराला उतरतो. फोड सोलून, बी काढून द्या. उसाचा रस, बर्फ घातलेली लस्सी, उघडा मठ्ठा मी पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देत नाही. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

७. पाणी आपलंच

यावर तडजोड नको. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, तिथलं विहिरीचं पाणी खारं. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. हॉटेलातला थंड पाण्याचा कॅन शुद्धच असेल असं धरू नका, आणि जग सगळ्यांच्या हातातून फिरत असतो. घरचं उकळून गार केलेलं पाणी, मुलाचा स्वतःचा पेला. बस.

८. कुठे बसवायचं

प्लास्टिकच्या खुर्चीत लहान मूल टिकत नाही, पुढे सरकतं आणि खुर्चीसकट पडतं. ढाब्यावर बाज असेल तर बाजेवर मांडी घालून बसा आणि मुलाला मध्ये घ्या. भोजनालयात भिंतीकडचं बाकडं धरा. मुलगी लहान असताना मी ओढणी तिच्या कमरेला आणि खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधायची, आणि एक हात तिच्यावर ठेवायची. हात काढायचा नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट फार जपा. एप्रिल-मे मध्ये इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि प्रत्येक हॉटेलात मोठा लोखंडी कूलर असतो. गार हवा लागते म्हणून आपण मुलाला नेमकं त्याच्या तोंडाशी बसवतो. खाली पाणी सांडलेलं, वायर जुनी, पत्र्यात करंट उतरलेला, आणि ओल्या हाताचं मूल जाळीला हात लावतं. कूलरपासून मुलाचा हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर बसा. टिनाच्या शेडखाली दुपारी बसूच नका. ते टिन रात्री आठपर्यंत तापलेलं असतं. त्या दोन महिन्यांत मी मुलांना फक्त सकाळच्या पोह्याला नेते.

मूल खेळायला लागलं की त्याला कुणीतरी उचलून घेणारच. गल्ल्यावरच्या आजी, शेजारच्या टेबलावरचे आजोबा. माया खरी असते. तुम्हाला चालत असेल तर द्या, नसेल तर "झोप आली आहे त्याला" म्हणून हसून जवळ घ्या, कुणी रागावत नाही. फक्त हातात गोळी किंवा फुटाणे दिले तर लगेच काढून घ्या.

९. तिखट लागलंच तर

पाणी पाजू नका. मिरचीचा झणझणीतपणा पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दूध किंवा दही द्या, दोन चमचे पुरतात. ते नसेल तर तुपाचं बोट जिभेला लावा. हात आधी तेलाने पुसा, मग साबणाने धुवा, नाहीतर ते डोळ्यांत जातात. डोळ्यात गेलंच तर साधं स्वच्छ पाणी, भरपूर, न चोळता.

घरी आल्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध बंद करू नका. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल झालं, शौचात रक्त दिसलं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. रात्र असेल तर 108.

१०. पैसे

फोनवरून पैसे देता येतात, पण नेटवर्क गेलं की गेलं, सुटे जवळ ठेवा. मुलाच्या वाटीभर वरणाचे पैसे बहुतेक जण घेत नाहीत. "लेकराचे काय पैसे घ्याचे जी?" एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा करू नका, त्यांना लागतं. त्याऐवजी निघताना पावभर चिवडा किंवा शेव बांधून घ्या. मुलाने टेबलाखाली भात सांडला असेल तर जमेल तेवढा स्वतः गोळा करा. तो साफ करणारं माणूस पहाटेपासून राबत असतं.

त्याच जागी तीन-चारदा जा. नंबर घ्या, निघायच्या अर्धा तास आधी फोन करा, मूल घेऊन येतोय एवढंच सांगा. आमच्या भोजनालयातल्या मावशी आता फोनवर एवढंच विचारतात, "दोघं का एक?" आणि पोहोचेपर्यंत झाकण घातलेल्या दोन वाट्या खिडकीत ठेवलेल्या असतात.